चितेगावचा कुलूपबंद बोअर

बडोद्याहून निघाले तेव्हा पिशवीत दोन साड्या होत्या, ताईसाठी हिरवा चिवडा होता आणि तळाला माझी दगड फोडायची हातोडी. स्टेशनवरच्या तपासणीत ती हातोडीच नेमकी अडली. "मॅडम, ये काहे के लिए?" शिपायानं विचारलं. "पत्थर तोडती हूँ," म्हटलं. त्यानं माझ्याकडे, मग साडीकडे पाहिलं आणि जाऊ दिलं. खोटं नव्हतं ते. तेलाच्या शोधात जमिनीतून काढलेले दगड माझ्या टेबलावर येतात. मी ते फोडते, हुंगते, भिंगातून बघते आणि यात तेल आहे की नाही ते सांगते. दगड हुंगून पोट भरणारी बाई अशी माझी माहेरी ओळख आहे. गेली काही वर्षं माझ्याकडे येतात ते बहुतेक राखेचे दगड. ज्वालामुखीची राख गाडली जाऊन झालेला खडक, आणि त्यात अडकून बसलेलं तेल.

या खेपेला हुंगायचा दगड माझ्या थोरल्या बहिणीच्या वावरातला होता.

आठवड्यापूर्वी तिचा फोन आला होता. "नंदे, तू ये अन् तुझ्या दाजीला काय ते सांगून टाक. व्हय तर व्हय, नाय तर नाय. पण ऊन तापायच्या आत सांग. माझ्या दोन ओळी राहिल्यात." दोन ओळी म्हणजे मोसंबीच्या. पाण्यासाठी बोअर घेताना दाजींना खाली तेलाचा वास लागला, त्यांनी काम थांबवलं आणि बोअरच्या तोंडाला झाकण बसवून कुलूप घातलं. त्याला दोन उन्हाळे झाले. या दोन उन्हाळ्यांत बाकीची बाग वाळली, आणि मला कुणी अक्षरानं कळवलं नव्हतं. मला राग आला. अजून आहे.

मनमाडला गाडी बदलून सकाळी मुकुंदवाडीला उतरले. छोटंसं स्टेशन आहे, मोठ्या गाड्या याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. फलाटावर शेंद्र्याच्या कारखान्यांकडे निघालेली माणसं डबे घेऊन उभी होती. चहावाल्यानं ग्लास पुढं केला आणि विचारलं, "पाहुण्या का?" म्हटलं, "नाही हो, इकडचीच आहे." तो म्हणाला, "मग चहात साखर कमी का मागायल्या?" आता याला काय उत्तर द्यायचं! साखर घालून घेतली.

दाजी मोटारसायकल घेऊन बाहेर उभे होते. चितेगावच्या एका कारखान्यात ते पाळीवर जातात आणि उरलेला वेळ वावरात असतात. "जय भीम, मेव्हणीबाई!" ते मोठ्यानं म्हणाले आणि लगेच आवाज खाली आणला. "हातोडी आणली ना? कुणाला दावू नका बरं. गाव लई कानाचं हाय." माणूस वाळला होता. मिशी मात्र तशीच ताठ.

बीड बायपासनं आम्ही पैठण रस्त्याला लागलो. डाव्या हाताला इथल्या सातारा गावाचे डोंगर मागे पडत होते. इकडच्या डोंगरांना टोक नसतं. भाकरींची चळत रचून ठेवावी तसे थरावर थर, माथा सपाट. एकेक थर म्हणजे एकेका वेळी वाहून आलेला लाव्हा. कुठं रस्त्यासाठी डोंगर कापला असला की दोन काळ्या थरांच्या मधे हातभर जाडीची विटकरी रेघ दिसते. लाव्ह्याच्या दोन पुरांमधे जो निवांत काळ गेला त्यात उडून पडलेली राख आणि झिजलेली माती आहे ती. लहानपणी आम्ही तिला गेरू म्हणून भिंतीला फासायचो. दाजींनी गाडी हळू केली, मान वळवली आणि म्हणाले, "हीच ना तुमची राख?"

"हीच असावी."

"मंग?" एवढंच म्हणाले, आणि गाडी जोरात हाणली. त्या एका 'मंग'मध्ये त्यांचे दोन उन्हाळे होते. 

वावर गावाच्या बाहेर आहे. दाजींनी कारखान्याच्या पगारातून ते घेतलं तेव्हा नुसता खडकाळ माळ होता. दगड वेचून, गाळ टाकून ताईनं त्यात मोसंबी लावली. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यात कुणाची जमीन नव्हती, मग बाग कुठली? पहिल्या फळांचं खोकं तिनं बडोद्याला धाडलं होतं तेव्हा मी ऑफिसभर मिरवले होते. त्या बागेच्या जागी आता गुडघ्याएवढे खुंट होते. ओळीनं, आखून लावलेल्या ओळींतच. कडेच्या दोन ओळी तेवढ्या हिरव्या, आणि त्यांच्या बुंध्याशी ताईनं पुरलेली मडकी. टँकर आला की ती आधी मडकी भरते, मग घरचे हंडे.

"बघ," ती म्हणाली, "अन् आता काय बोलू नको. आधी जेव."

जेवायला येसराची आमटी होती (येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ), ज्वारीची भाकरी, ठेचा. चुलीजवळ बसले. चुलीत लाकडं सरकवताना ताईचा हात एकदम थांबला. "मोसंबीचीच हायत," ती म्हणाली. "जळतेत चांगली." मी भाकरी ताटात ठेवली. तिनं मात्र दुसरी भाकरी टाकली आणि मला दटावलं, "खा गं, बडोद्याला काय गोड गोड खाऊन वाळलीयेस!"

जेवण झाल्यावर दाजींनी आतून एक लोणच्याची बरणी आणली. तोंडाला प्लास्टिक, त्यावर दोरी. आत बोअरमधून निघालेला शेवटचा माल: करडा-विटकरी चिखल, वाळून त्याचे खडे झालेले. दोरी सोडताना त्यांचे हात हळू चालत होते. झाकण उघडलं आणि वास आला. खरंच तेलाचा वास होता. दाजी माझ्या तोंडाकडे बघत होते, ताई जमिनीकडे.

मी विचारलं, "काम थांबवलं तेव्हा नेमकं काय झालं?"

दाजींनी सगळं सांगितलं. काळ्या दगडात मशीन झकास चाललं होतं. मग लाल माती लागली, चिकट. मशीनच्या टोकाचा हातोडा आत अडकायला लागला, भुकटी वर येईना. मशीनवाला वैतागला, दोनदा-तीनदा गाडीवर चढून काहीबाही केलं त्यानं, परत चालू केलं. आणि मग चिखलाबरोबर तो वास आला. "म्या बोटानं चोळून बघितलं, बुळबुळीत! तिथंच वरडलो, बंद कर म्हनून. तुमी राखंतून तेल काढता हे ठाऊक होतं मला. मोबाइलवर बी बघितलं, परदेशात राखंत तेल लागलंय. म्हटलं, आपल्या खाली राखच हाय की!"

"मग मला का नाही कळवलं तेव्हाच?"

"तुमाला कळवलं की तुमची कंपनी येणार. मंग सरकार. मंग आपुन कोण? म्हटलं आधी मुलाचं शिक्षन होऊ दे, तो शिकून येऊ दे, त्याच्या हातात देऊ." त्यांचा मुलगा नांदेडला इंजिनिअरिंग शिकतो. "पण तुमची ताई ऐकंना. म्हनली, नंदाला बोलाव, न्हाय तर कुलूप फोडते."

"फोडलंच असतं," ताई म्हणाली.

आता काय सांगायचं आणि कसं, हे मला गाडीतच सुचायला हवं होतं. मी शेवटी धंद्यातल्यासारखं सुरू केलं. "दाजी, राख स्वतः तेल करत नाही. आधी तळं लागतं. तळ्यात शेवाळ, जीवजंतू मरून तळाला काळा कुजका गाळ साचतो. कुठंतरी ज्वालामुखी फुटतो, त्याची राख उडून त्या तळ्यात बसते. पुन्हा गाळ, पुन्हा राख. हे सगळं खोल गाडलं जातं. खाली उष्णता असते, तिथं गाळ शिजतो. शिजताना त्यातून आधी आंबट पाणी सुटतं. राख म्हणजे मुळात काचेचा बारीक चुरा. तिचं हळूहळू दुसरंच खनिज होतं, ती आकसते, त्या आंबट पाण्यानं तिचे काही कण विरघळतात, आणि मागे भोकं राहतात. डोळ्यांना न दिसणारी. मग गाळातून तेल सुटतं आणि शेजारच्या राखेत शिरतं. शिरतं, पण भोकं इतकी बारीक की बाहेर निघता येत नाही. म्हणून आम्हाला तो खडक पाण्याच्या दाबानं तडकवावा लागतो, तेव्हा कुठं ते येतं."

दाजी मन लावून ऐकत होते. शाळेतल्या हुशार मुलासारखे पुढे झुकून. "मंजे राखंत तेल ऱ्हातंय. बरोबर हाय की मंग."

"राहतं. पण असतं शेजारच्या गाळाचं. तुमच्या राखेला शेजार कोण आहे? वर लाव्हा, खाली लाव्हा. त्यात शेवाळ नाही, मासा नाही. कोण देणार तिला तेल?"

"अन् हा वास?"

मी बरणीतला सुपारीएवढा खडा घेतला आणि ओट्यावर ठेवून हातोडीनं फोडला. वरून तुकतुकीत, आतून कोरडा ठक्क. आतला भाग त्यांच्या नाकाशी धरला. मातीचा वास, दुसरा काही नाही. दुसरा फोडला, तिसरा फोडला. "दाजी, खडकातलं तेल आतून बाहेर येतं. हे बाहेरूनच लागलंय. बोअरच्या हातोड्याला सतत तेल पाजावं लागतं, ते हवेबरोबर खाली जातं. चिकट मातीत हातोडा अडकला, म्हणून मशीनवाल्यानं जास्त ओतलं. तो वर जाऊन काहीबाही करत होता ना, तेच."

दाजींनी फुटलेले तुकडे गोळा करून बरणीत टाकले. मग बरणीचं झाकण लावलं, दोरी पुन्हा बांधली, गाठ घट्ट मारली. "बडोद्याहून येऊन तीन खडे फोडले अन् कळलं तुमाला!" असं म्हणून पाळीला निघून गेले. पाळी दुपारची होती, अजून अवकाश होता. ताईनं चपला घातल्या आणि गावातल्या बोअरच्या एजंटला गाठायला गेली. कुलूप तिनं फोडलं नाही. किल्ली तिच्याकडेच होती, इतके दिवस, कमरेच्या जुडग्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी स्वतःच म्हणाले, "चला, ती रेघ जवळून दावा मला." रात्रभर झोपले नव्हते हे दिसत होतं. गावामागं रस्त्यासाठी टेकडी कापलेली आहे, तिथं गेलो. मी त्यांना काळा दगड दाखवला, खाली लाल थर, थराच्या पोटात करडी राखेची पट्टी. "ही राख खरी आहे दाजी. तुम्ही ओळखली ती बरोबर होती." हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून सांगितलं नाही, खरंच बरोबर होती. त्यांनी बोटानं ती खरवडली आणि जिभेला लावली. आम्ही दगडवाले करतो तसं. शेळ्या घेऊन चाललेली एक बाई थांबली. "सोनं घावलं का ओ?" तिनं विचारलं. "नाय बाई," दाजी म्हणाले, "सोनं नाय अन् दुसरं बी काय नाय."

तेव्हाच माझी नजर लाल पट्ट्याच्या खाली गेली. माळ सगळा करपलेला, आणि पट्ट्याच्या लगोलग खाली भोकाभोकाच्या दगडात हिरव्या गवताची एक ओळ. सरळ, थराबरोबर गेलेली. हात लावला तर ओल. लाल माती चिकट असते, पाणी आरपार जाऊ देत नाही. तिच्या खालच्या सच्छिद्र दगडात ते कोंडून राहतं. हे मला ठाऊक होतं. पुस्तकात आहे. पण कालपासून माझ्या डोक्यात तेल आहे की नाही एवढंच चाललं होतं, त्यांच्यासारखंच. मी दाजींकडे पाहिलं. तेही त्या गवताकडे बघत होते. त्यांचा बोअर नेमका अशाच लाल मातीत थांबवलेला होता. आम्ही परत आलो.

तिसऱ्या दिवशी बोअरची गाडी आली. या वेळचा मशीनवाला तमिळ होता, सेल्वम नावाचा, हिंदी मोडकी पण बोलण्याची हौस दांडगी. त्यानं नारळ मागितला. ताई म्हणाली, "आमच्यात नसतं ते." सेल्वम म्हणाला, "अम्मा, आपका नहीं, मशीन का भगवान है," आणि गाडीतूनच नारळ काढून चाकावर फोडला. खोबरं सगळ्यांना वाटलं. मी त्याला विचारलं, चिकट मातीत हातोडा अडकला तर काय करता? "तेल पिलाते, और क्या! ज्यादा पिलाते. बास मारता है, पार्टी लोग पूछता है डीजल निकला क्या." आणि तो खो खो हसला. दाजी पलीकडे खुंटांच्या ओळीत पाठ करून उभे होते. त्यांनी ऐकलं असणारच.

ताईनं किल्लीनं कुलूप काढलं. रॉडवर रॉड जोडत हातोडा जुन्या भोकाच्या तळापर्यंत गेला. मग शेवटचा रॉड लावला आणि कॉम्प्रेसर सुरू झाला. कान बधिर करणारा आवाज, तोच तो तेलाचा वास, लाल भुकटी. ताई सगळ्यांसाठी चहा टाकायला घरात वळली होती. तेवढ्यात भुकटी ओली झाली. मग चिखल. मग एकदम लाल पाण्याचा फवारा उसळला आणि मशीनच्या डोक्यावरून खाली कोसळला. सेल्वमची पोरं ओरडली. दाजी धावत आले आणि भिजत उभे राहिले. मीही ओरडले असेन, मला आठवत नाही.

ताई चहाचं पातेलं तसंच हातात घेऊन बाहेर आली. आधी पाण्याकडे पाहिलं, तोंडभर हसली. इतक्या वर्षांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. मग तिची नजर मशीनवर गेली. शेवटचा रॉड जवळजवळ अख्खा जमिनीच्या वर उभा होता, जुन्या तळाच्या खाली हातोडा हातभरच गेला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. हसू हळूहळू गेलं.

"इतकंच राह्यलं होतं?" तिनं विचारलं.

मशीनचा आवाज होता, पण आम्हा दोघांनाही ऐकू आलं. मी दाजींकडे पाहिलं नाही. सेल्वमला मराठी कळलं नाही, तो खुशीत म्हणाला, "अम्मा, बहुत पानी! पहले बंद क्यों किया?" ताईनं पातेलं खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि त्याला चहा दिला. दाजींना दिला. मला दिला. नवऱ्याला एक शब्द बोलली नाही. ओरडली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी निघताना तिनं मला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "तू खरं सांगितलंस, बरं केलंस." ते ऐकून मला जास्तच वाईट वाटलं. येताना मी ताठ्यात होते. मला एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं आणि ते मला येत होतं. नाही म्हणायला गेले, नाही म्हणून आले. पण ते 'नाही' दोन उन्हाळ्यांपूर्वी एका फोनवर, घरबसल्या, चहा पिता पिता देता आलं असतं, आणि मग त्या सगळ्या ओळी आज फुलावर असत्या. हा विचार मुकुंदवाडीपर्यंत मागच्या सीटवर माझ्याबरोबर बसून आला.

फलाटावर गर्दी नव्हती. दाजी पिशवी खाली ठेवेनात. रुळांकडे बघत एकदम बोलायला लागले.

"मेव्हणीबाई, माझा बाप गावच्या हिरीवर जायाचा तवा त्याला रहाटाला हात लावू देत नव्हते. ओंजळ धरून खाली उभा ऱ्हायाचा, वरून कुणी तरी पानी वाढायचं. कवा वाढायचं, कवा तासभर उभं करायचं. म्या लहान होतो, संगं असायचो. म्हनून वाटलं, आपल्या वावरात असं कायतरी निघावं की सगळं गाव आपल्या दारात येऊन उभं ऱ्हावं. पानी तर काय, सगळ्यांकडं निघतंय." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "त्या बापाचा पोरगा मी. अन् म्याच पान्यावर कुलूप घालून बसलो."

मी म्हटलं, "तेव्हा चालू ठेवलं असतं तरी हातोडा अडकलाच असता कदाचित."

"उगं खोटं बोलू नका. तुमच्या धंद्यात चालत नाय ते."

गाडीचा भोंगा ऐकू आला. मी म्हटलं, "ताईच्या दोन ओळी आहेत अजून. आज पाणी सोडा त्यांना."

"सोडलंय की. पहाटंच मोटर बसवली." त्यांनी पिशवी खांद्यावर घेतली. "समद्या वावरात सोडलंय. खुंटांना बी."

"ते खुंट आता फुटायचे नाहीत, दाजी."

"ठाऊक हाय," ते म्हणाले, आणि पिशवी डब्यात ठेवून खाली उतरले.